फुटपाथवर चढवलेली दोन चाकं : दंड किती, टोइंग कधी, तक्रार कुणाकडे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही पुण्यात राहता. सोसायटीसमोरच्या फुटपाथवर दुकानांच्या गिऱ्हाइकांच्या आणि सोसायटीत येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या उभ्या असतात, त्यामुळे वॉकर घेऊन चालणाऱ्या तुमच्या आईला रस्त्यावर उतरावं लागतं. तक्रार केली की कुणी दाद देत नाही. दुसरीकडे गेल्या आठवड्यात तुमच्याच गाडीला ५०० रुपयांचं चलन आलं, कारण रस्ता अरुंद म्हणून तुम्ही डावी दोन चाकं फुटपाथवर घेतली होती. तिथे 'नो पार्किंग'ची पाटी नाही आणि दुकानदार म्हणतो की समोरची जागा त्याच्या मालकीची आहे. मग हे चलन बेकायदा नाही का?

म्हणजे एकाच फुटपाथबद्दल तुम्ही तक्रारदारही आहात आणि आरोपीही. यात चेष्टा नाही, बहुतेक गल्ल्यांत हीच स्थिती असते. पण त्यामुळे एक गोष्ट सोपी होते. दोन्ही बाजूंचं उत्तर एकाच मुद्द्यावर ठरतं: ती पट्टी कायद्याने सार्वजनिक जागा आहे की नाही. ते कळेपर्यंत बाकीचा वाद घालण्यात अर्थ नाही.

पण आधी पाटीचा मुद्दा, कारण चलनांच्या हरकतींत सगळ्यात जास्त वेळा तोच मांडला जातो आणि फुटपाथच्या बाबतीत तो टिकत नाही. रस्त्याच्या एखाद्या तुकड्यावर पार्किंगला बंदी घालायची तर वाहतूक शाखेला अधिसूचना काढावी लागते, पाट्या लावाव्या लागतात. सम-विषम तारखांचं पार्किंग असेल तर तेही पाटीवर लिहावं लागतं. तिथे पाटी नसेल, झाडाआड गेली असेल किंवा उलटी फिरली असेल, तर हरकतीत दम असतो. फुटपाथची बंदी मात्र पाटीतून येत नाही, ती नियमातच आहे. १९८९ च्या 'रूल्स ऑफ द रोड' विनियमांत फुटपाथवर गाडी उभी करू नये असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांच्या जागी आलेल्या मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियम, २०१७ मध्येही फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि पादचारी क्रॉसिंगवर पार्किंगला मनाई आहे. लाल सिग्नलला थांबा असं सांगायला जशी वेगळी पाटी लागत नाही, तसंच हे.

'दोनच चाकं होती' या बचावाचंही तेच. काही देशांत ठरावीक रस्त्यांवर खुणा आखून अर्धी गाडी फुटपाथवर लावायला परवानगी देतात, त्यामुळे असा काही नियम आपल्याकडेही असावा असं अनेकांना वाटतं. आपल्या नियमांत अर्ध्या गाडीची सवलत नाही. शिवाय हिशोब करून पाहा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांत (आयआरसी १०३) निवासी भागातही चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. छोटी कार साधारण १.६ ते १.७ मीटर रुंद असते. तिचा अर्धा भाग वर आला की सुमारे ८० ते ८५ सेंटीमीटर गेले. डावीकडचा आरसा आणि उघडणारं दार वेगळंच. उरलेल्या मीटरभरात विजेचा डीपी बॉक्स, झाडाचं आळं, दुकानाचा स्टँडी. व्हीलचेअरला किंवा वॉकरला सलग ९० सेंटीमीटर तरी लागतात. आणि हे सगळं फुटपाथ पूर्ण रुंदीचा असेल तर! जुन्या पेठांत तो मुळात मीटर-सव्वामीटरचाच असतो.

अरुंद रस्त्यावर आपण गाडी वर घेतो ती दुसऱ्या गाड्यांना जागा मिळावी म्हणून, त्यात आपण सौजन्य दाखवतोय असंच वाटत असतं. पण कायदा हा हिशोब उलटा धरतो. गाडी उभी केल्याने रस्ता अडत असेल तर ती जागा पार्किंगची नाही, एवढाच त्याचा अर्थ. अडथळा वाहनांपुढून उचलून पायी चालणाऱ्यांपुढे ठेवायचा हक्क चालकाला मिळत नाही.

आता पैशांकडे येऊ. चलनावर कलम कोणतं लिहिलंय ते आधी वाचा, बहुतेक जण फक्त रक्कम बघतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सोडता येत नाही. त्याला स्वतंत्र शिक्षा नसल्यामुळे कलम १७७ चा सर्वसाधारण दंड लागतो: पहिल्या वेळी ५०० रुपये, त्यानंतर प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीआधी हेच आकडे १०० आणि ३०० होते. महाराष्ट्रात वाढीव तडजोड रकमा (कोर्टात न जाता प्रकरण मिटवायला भरायचे पैसे) डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या, त्यामुळे जुन्या पावत्या दाखवून 'मागे तर दोनशेच घेतले होते' असं सांगण्यात अर्थ नाही. ड्रायव्हिंगच्या विनियमांचा भंग म्हणून कारवाई झाली तर कलम १७७अ येतं, त्यात किमान ५०० आणि कमाल १००० रुपये आहेत.

रक्कम इथेच थांबेल असं धरून चालू नका. टोइंग झालं तर त्याचा खर्च दंडाव्यतिरिक्त आणि तो मालकाकडूनच घेतला जातो. त्याचे दर शहरानुसार आणि वाहनाच्या प्रकारानुसार वेगळे असतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ सार्वजनिक मार्गातल्या अडथळ्यासाठी ५००० रुपयांपर्यंत दंड सांगतं. जुन्या दंड संहितेच्या कलम २८३ मध्ये हा आकडा २०० रुपये होता. साध्या फुटपाथ पार्किंगला हे कलम सहसा लावत नाहीत. तोच माणूस पुन्हा पुन्हा तेच करतो, वाद घालतो किंवा रुग्णवाहिका अडकते, तेव्हा ते बाहेर येतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्येही पदपथावर वाहन नेणं किंवा सोडून जाणं यासाठी स्वतंत्र कलम आहे, १०३. त्यातून सूट दिलेलं एकमेव चाकांचं वाहन म्हणजे लहान मुलांची बाबागाडी. पोलीस ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांनाही हे कलम चटकन आठवत नाही, म्हणून लेखी तक्रारीत त्याचा उल्लेख करणं फायद्याचं.

आणखी एक कलम लोकांना माहीत नसतं. पोलीस किंवा आरटीओची गाडीच फुटपाथवर असेल तर? कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेनेच गुन्हा केला, तर दंड दुप्पट असं कलम २१०ब सांगतं. प्रत्यक्षात ते किती वेळा वापरलं जातं हा भाग सोडा, तक्रारीत ते लिहायला काहीच हरकत नाही.

आता दुकानदाराचा दावा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण कधी कधी तो खरा असतो. मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे जिथे जनतेला प्रवेशाचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग ती रहदारीची वाट असो वा नसो. आपल्या शहरांत इमारत आणि रस्ता यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या पट्ट्या असतात आणि दोन्हींवर एकाच रंगाचे पेव्हर ब्लॉक बसवलेले असल्यामुळे त्या एकच वाटतात. रस्त्याच्या हद्दीतली पट्टी म्हणजे महापालिकेचा फुटपाथ. प्लॉटच्या हद्दीतली मोकळी जागा म्हणजे फ्रंट मार्जिन, ती खासगी. दुकानदार ज्या जागेकडे बोट दाखवतोय ती फ्रंट मार्जिन असेल, तर तिथल्या गाडीवर फुटपाथ पार्किंगचं चलन टिकणं अवघड. (ती जागा मंजूर नकाशात मोकळी दाखवली असेल आणि तिथे शेड टाकली असेल, तर तो बांधकाम विभागाचा वेगळा विषय.)

मात्र एक गोम इथे नेहमी असते. रस्ता रुंदीत गेलेली पट्टी अनेक मालकांनी पूर्वीच महापालिकेच्या ताब्यात दिलेली असते आणि त्याबदल्यात एफएसआय (प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर (तोच बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा) घेतलेला असतो. पुढच्या पिढीला किंवा नव्या दुकानदाराला जुनं कंपाउंड आठवतं, हस्तांतरण आठवत नाही. तेव्हा तोंडी दाव्यावर जाऊ नका. इमारतीचा मंजूर नकाशा पाहा, त्यात प्लॉटची हद्द आणि रस्त्याची रुंदी मीटरमध्ये लिहिलेली असते. रस्त्याच्या मध्यापासून टेप लावून निम्मी रुंदी मोजली की हद्द कुठे येते याचा अंदाज मिळतो. हा अंदाजच, कारण रस्ता दोन्ही बाजूंना सारखा रुंद केलेला असेलच असं नाही. खात्रीसाठी प्रॉपर्टी कार्ड आणि महापालिकेच्या पथ विभागाकडची रस्त्याच्या आखणीची नोंद लागते. सोसायटीकडे नकाशा नसेल तर माहिती अधिकारात मागा. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

जागा दुकानदाराचीच निघाली, तरी गाडी तिथे नेताना ती खऱ्या फुटपाथवरून जाणारच. गेटसमोर उतार असेल तर फुटपाथ ओलांडून आत जाणं चालतं. त्या उतारावर गाडी थांबवून ठेवणं चालत नाही, स्वतःच्या गेटसमोरही नाही. 'माझ्याच गेटपुढे लावली, मग त्रास कुणाला?' याचं उत्तर तिथून चालत जाणाऱ्याला विचारा.

टोइंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या वेळी चलनावर भागेलच असं नाही, म्हणून सांगतो. अधिकार कलम १२७ मधून येतो. सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक वेळ बेवारस सोडलेली गाडी, किंवा पार्किंगला कायद्याने बंदी असलेल्या जागी उभी केलेली गाडी उचलायला किंवा तिच्या चाकाला जॅमर लावायला परवानगी देता येते. ती देणार गणवेशातला, त्या हद्दीतला पोलीस अधिकारी. क्रेनवरची मुलं कंत्राटदाराची असतात, त्यांना स्वतःहून गाडी उचलण्याचा अधिकार नाही. सोबत पोलीस नसेल तर तिथेच लेखी विचारणा करा आणि क्रेनचा नंबर टिपून ठेवा. दहा तासांची अट फुटपाथला लागू होते असा एक गैरसमज आहे. ती अट बेवारस गाडीसाठी आहे, फुटपाथवरची गाडी पाचव्या मिनिटालाही उचलता येते. चालक तिथेच हजर असेल आणि गाडी लगेच हलवत असेल, तर चलन करून सोडणं ही साधारण पद्धत आहे. कायद्याच्या शब्दांत तसा भेद नाही, पण टोइंगचा हेतू अडथळा हटवणं हाच असतो.

गाडी सोडवायला गेलात तर पैसे भरण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या. बहुतेक छोट्या कारची इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून क्रेनने पुढची बाजू उचलली की मागची चाकं रस्त्यावर फिरत जातात. हँडब्रेक ओढलेला असेल तर ती फिरत नाहीत, घासत जातात. मागच्या टायरवर एका जागी सपाट चट्टा पडलाय का, चाकाजवळ जळका वास येतोय का, बंपरखाली ओरखडे आहेत का हे तिथेच बघा. नुकसान दिसलं तर पावतीवर तसं लिहून सही करा. गाडी घरी नेल्यावर केलेल्या तक्रारीला किंमत राहत नाही. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर ती दोन चाकांवर ओढलीच जाऊ नये, हे तोंडी सांगून थांबू नका, लिहूनही द्या.

तुमच्या चलनाचं काय करायचं? पहिली गोष्ट, लढायचं असेल तर भरू नका. रक्कम भरणं म्हणजे तडजोड, त्याने प्रकरण तिथेच मिटतं. 'आधी भरतो, मग भांडतो' हा मार्ग नाही. दुसरी गोष्ट, राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकून चलनासोबतचा फोटो उघडा. फोटोत तुमचीच नंबरप्लेट आहे का, चाक आणि फुटपाथची कडा एकाच चौकटीत दिसतात का, वेळ आणि ठिकाण बरोबर आहे का? यातलं काही चुकलं असेल तर तिथेच तक्रार नोंदवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १६७अ नुसार कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते, ती तारीखही तपासा. गाडी दुसरा कुणी चालवत होता तर कलम १३३ प्रमाणे त्याची माहिती देण्याची जबाबदारी मालकाची. थकलेली चलनं लोकअदालतीत निकाली निघतात खरी, पण दरवेळी सूट मिळेलच असं धरून थांबू नका, दुसऱ्या वेळचा १५०० चा आकडा तोवर मागे लागलेला असतो.

तुम्ही स्वतःच दोन चाकं वर होती असं लिहिलंय. त्यामुळे, जागा फ्रंट मार्जिन निघाली नाही तर, माझा सल्ला सरळ आहे: ५०० भरा आणि विषय संपवा. फक्त व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून किंवा 'चलन' नावाच्या एपीके फाइलमधून (तिने फोनमध्ये परकं ॲप बसतं) नको. त्या फाइलने ५०० च्या जागी पूर्ण खातं रिकामं होऊ शकतं. अधिकृत पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं.

आता आईचा प्रश्न, माझ्या मते यातला महत्त्वाचा भाग. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रस्ते सुरक्षेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या हक्काचा भाग आहे. तक्रारीत हे एक वाक्य लिहा, पण तक्रार उभी राहते ती पुराव्यावर आणि योग्य दारावर.

तुमच्या तक्रारींना दाद मिळाली नाही याचं कारण बहुधा दार चुकणं. चाकं असलेल्या अडथळ्याचं काम वाहतूक पोलिसांचं, चाकं नसलेल्याचं महापालिकेच्या अतिक्रमण विभागाचं. गाडी, बाइक, टेम्पो हे पहिल्या दारी. दुकानाचा रॅम्प, साखळी, कुंड्या, सिमेंटचे ठोकळे, 'फक्त ग्राहकांसाठी' लिहिलेला लोखंडी स्टँड हे दुसऱ्या दारी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली आयुक्तांना असं सामान नोटीस न देताही उचलता येतं. दोन्ही गोष्टी एका अर्जात लिहिल्या की तो अर्ज दोन कार्यालयांत चेंडूसारखा फिरतो. दोन वेगळे अर्ज करा.

गाड्यांसाठी महाट्रॅफिक ॲपवर नागरिकांना फोटोसह तक्रार करता येते. प्रत्येक गाडीचे दोन फोटो घ्या. एकात नंबरप्लेट, चाक आणि फुटपाथची कडा एकत्र दिसू दे. दुसरा जरा लांबून, दुकानाची पाटी किंवा चौक ओळखू येईल असा. फक्त नंबरप्लेटचा जवळून काढलेला फोटो सर्वात जास्त फेटाळला जातो, कारण गाडी कुठे उभी आहे तेच त्यातून कळत नाही. नंतर सलग दोन आठवडे तारीख, वेळ, गाड्यांची संख्या अशी साधी वही ठेवा आणि ती वाहतूक विभागाच्या पोलीस निरीक्षकांना लेखी अर्जासोबत द्या, पोच घ्या. संध्याकाळी सहा ते नऊ हीच अडचणीची वेळ आहे असं वहीतून दिसलं, तर त्यांना गस्त त्या वेळी लावता येते. 'इथे नेहमीच गाड्या असतात' या वाक्यावर कुणालाच माणूस पाठवता येत नाही.

हे सगळं करूनही वर्षानुवर्षं अडथळा कायम राहिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे उपद्रव हटवण्याचा अर्ज करता येतो. रोज बदलणाऱ्या गाड्यांपेक्षा एकाच गॅरेजने किंवा शोरूमने फुटपाथ कायमचा व्यापला असेल तेव्हा हा मार्ग जास्त उपयोगी.

हवा सोडणं, वायपर वाकवणं, आरसा मोडणं, सोसायटीने स्वतःची साखळी घालून चाक बांधणं यातलं काहीही करू नका. सार्वजनिक जागेवर चाक अडवायचा अधिकार पोलिसांच्या परवानगीशिवाय कुणालाच नाही, आणि मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल. मग फुटपाथचा विषय बाजूला राहील.

कायमचा उपाय मात्र दंडाने होत नाही. दंडाची भीती पोलीस दिसेपर्यंतच टिकते. पथ विभागाकडे बोलार्डची मागणी करा. कडेला खांब रोवले की गाडी चढतच नाही. दोन खांबांमध्ये साधारण १.२ मीटर जागा सोडायला लिहून द्या. तेवढ्यातून व्हीलचेअर जाते, कार जात नाही. (बाइक जातेच, हे आधीच मान्य करून ठेवा.) लोखंडी पाइपचे पोकळ खांब पहिल्या धक्क्याला वाकतात, पाया खोल असलेले मागा. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त करू नका असं आयआरसी सांगतं. लोक 'अजून उंच करा' म्हणतात, पण उंच कडा गाड्यांना रोखण्याआधी आईला रोखेल. छोट्या कारचा ग्राउंड क्लिअरन्सही (गाडीचा तळ आणि जमीन यांतलं अंतर) साधारण १६५ ते १७० मिलिमीटर असतो, चार माणसं बसली की कमी होतो. त्यामुळे प्रमाणित उंचीच्या कडेवर तिरकी चढवतानाही टायरची बाजू चेपते आणि अलाइनमेंट बिघडतं, हे पाहुण्यांना सांगून बघा, दंडापेक्षा लवकर पटतं.

उखडलेले ब्लॉकही त्याच अर्जात दाखवा. पायी चालण्यासाठीचे पेव्हर ५० ते ६० मिलिमीटर जाडीचे असतात, खाली वाळूचा थर. टनभर वजनाच्या गाडीचं चाक रोज तिथेच चढलं की वाळू सरकते आणि ब्लॉक डुगडुगायला लागतो. वॉकरचा पाय त्याच फटीत अडकतो. दुरुस्ती करताना नुसते ब्लॉक परत बसवले तर पावसाळ्याआधी पुन्हा निघतील. आधी खांब, मग ब्लॉक, असा क्रम अर्जात स्पष्ट लिहा.